एकोणतीस पॉइंट तीन

१ जानेवारी, सकाळी ७

नवीन वर्षाचे संकल्प. वजन सहा किलो कमी करणे. कोणावरही न चिडणे. रोज रात्री भांडी तेव्हाच्या तेव्हा घासणे. आणि मार्चअखेर आशाला घरी आणणे. चौथा सगळ्यात सोपा. तो फक्त मोजमापाचा प्रश्न आहे आणि मी तीस वर्षं गणित शिकवतोय.

पुढे गोंधळ नको म्हणून परिस्थिती लिहून ठेवतो. माझी जिल्हा परिषदेची शाळा शहरात, बेगमपुऱ्याच्या अंगाला. घर शाळेच्या मागच्या गल्लीत. बायको आशा वेरूळच्या शाळेत मराठी शिकवते. अकरा वर्षं तिनं एसटीनं अप-डाउन केलं. सव्वा वर्षापूर्वी, दिवाळीनंतर, तिथंच सरूबाईंच्या घरात एक खोली घेतली. कारण प्रवासाचा शीण. दुसरं काहीही नाही.

नियम असा की नवरा-बायको दोघंही शिक्षक असतील आणि त्यांच्या शाळांमधलं अंतर तीस किलोमीटरच्या वर असेल, तर बदलीत त्यांना एकत्र आणतात. तीसच्या आत असेल तर नाही. म्हणजे शासनाच्या मते आम्ही आत्ताही एकत्रच राहतो.

बांधकाम खात्याचा दाखला आला आहे. एकोणतीस पॉइंट तीन. कमी पडतात फक्त सातशे मीटर. एवढं तर मी दूध आणायला चालतो.

गंमत म्हणजे हा आकडा मला तोंडपाठ होता. आशा अप-डाउन करायची तेव्हा संध्याकाळी पर्स टाकून म्हणायची, तीस किलोमीटर गेले अन् तीस किलोमीटर आले. मी लगेच सांगायचो, एकोणतीस पॉइंट तीन. घरात चुकीचा आकडा वावरलेला मला चालत नाही. पण तेव्हा मी खात्यावर विसंबलो होतो. आता स्वतः मोजणार.

५ जानेवारी, रविवार

पहिली मोजणी. मोटरसायकल. शाळेच्या गेटपाशी मीटर लिहून घेतलं आणि निघालो. छावणी, पडेगाव, मिटमिटा, शरणापूर, दौलताबादची कमान, घाट, खुलताबाद, वेरूळ. आशाच्या शाळेच्या गेटला पुढचं चाक टेकवलं आणि वाचलं.

३१.४!

तिथंच ओरडलो. गेटवरचं कुत्रं उठून गेलं. लगेच उलट फिरलो. आशाची खोली शाळेपासून दोन गल्ल्या पलीकडे आहे, पण थांबलो असतो तर टायर थंड झाले असते. टायर थंड झाले की आतली हवा आकसते, चाक बदलतं आणि परतीचं रीडिंग हुकतं. शास्त्रापुढे इलाज नाही.

परतीतही ३१.४. प्रश्न मिटला. भांडी उद्या घासेन.

७ जानेवारी

मिटला नाही. छावणीत फारूखच्या गॅरेजला ऑइल बदलायला गेलो होतो. आनंदाच्या भरात त्याला आकडा सांगितला. तो पाना पुसत म्हणाला, सर, मीटर तो हमेशा थोडा ज्यादाच बोलता. कंपनीच तसं ठेवती. वरून तुमचा मागचा टायर पुरा गुळगुळीत. घिसलेलं चाक छोटं, मग फेरे जास्त, मग किलोमीटर जास्त. नया टायर डालो, अंतर अपने आप कम हो जाता.

मी म्हणालो, टायर टाकायचा नाही. तो म्हणाला, घाटात फिसलोगे सर. मी म्हणालो, मार्चनंतर टाकू.

तरी एक गोष्ट त्यानं नकळत शिकवली. चाक छोटं तर अंतर जास्त. माझं वजन जास्त असलं की टायर दबतो, म्हणजे चाक छोटं होतं. म्हणजे मी वजन कमी केलं तर आशा लांब जाण्याऐवजी जवळ येईल, आणि जवळ आली की घरी येणार नाही. पहिला संकल्प मार्चपर्यंत तहकूब.

१२ जानेवारी, रविवार

आज किलोमीटरचे दगड वाचत गेलो. दगड खोटं बोलत नाही असा माझा समज होता. एका जुन्या दगडावर औरंगाबाद २०, तिथून चार पावलांवरच्या नव्या फलकावर छत्रपती संभाजीनगर २१. म्हणजे नाव बदलताना शहर एक किलोमीटर मागं सरकलं. पुढे दोन दगडांमधलं अंतर मीटरवर साडेआठशेच भरलं. तिथं रस्ता रुंद केलाय, वळणं काढून सरळ केलाय. वळण गेलं पण दगड जिथल्या तिथं. पानाच्या टपरीवाल्याला विचारलं तर म्हणाला, दगडाचं काय घेऊन बसलाव, गाड्या लावायला आडवा येत होता म्हणून आम्हीच जरा तिकडं सारला.

या देशात लोक दगडावर विश्वास ठेवून प्रवास करतात.

वेरूळला पोचून गेटला हात लावला. आजपासून चाक न टेकवता हात लावायचा ठरवलं आहे, चाक टेकवताना गेटचा रंग जातो. गेट लोखंडी आहे, उन्हानं कोमट झालं होतं. क्षणभर उगाच हात ठेवून उभा राहिलो. मग परत.

१३ जानेवारी

आशाचा फोन. एरवी ती बुधवारी करते. विचारत होती, काल तुम्ही वेरूळला आला होतात का? सरूबाईंनी पाहिलं म्हणे. त्या तिला सांगत होत्या, बाई, तुमचे मालक शाळेच्या गेटाला हात लावून माघारी पळत्यात, मागच्या ऐतवारीबी तसंच केलं, नवस बोलले का काय?

मी समजावून सांगितलं. थंड टायर, हवा, रीडिंग. मग म्हणाली, बरं. संक्रांतीला तरी येता का? मी म्हणालो, मंगळवार आहे, मोजणी रविवारी असते.

१४ जानेवारी

तिळगूळ आला. वेरूळच्या एका एसटी कंडक्टरकडे आशानं डबा दिला होता, त्यानं स्टँडवर बोलावून हातात दिला. त्याला विचारलं, तुमच्या हिशोबानं वेरूळ किती? तो म्हणाला, एसटीत किलोमीटर नसतो साहेब, टप्पा असतो. सहा किलोमीटरचा एक. तुम्ही टप्प्याच्या अलीकडं उतरा की पलीकडं, पैसे तेवढेच. म्हणजे महामंडळाला सातशे मीटरचं काहीच पडलेलं नाही. एवढ्या जुन्या संस्थेकडून ही अपेक्षा नव्हती.

सगळा तिळगूळ एकट्यानं संपवला. वजनाच्या दृष्टीनं योग्यच झालं. गोड बोला म्हणायला मात्र घरात कोणी नव्हतं, म्हणून मोठ्यानं एकदा म्हणून टाकलं.

१९ जानेवारी, रविवार

फोनवरून मोजणी. पुण्याहून मुलीनं मागच्या वर्षी नवीन फोन दिला, त्यात नकाशा आहे. तो सांगतो २८.९.

अठ्ठावीस पॉइंट नऊ! खात्यापेक्षाही कमी! हे कसं शक्य आहे? घाटात तर त्यानं मला चक्क दरीतून चालताना दाखवलं. वरून पाहणाऱ्याला चढ-उतार काय कळणार, वळणावळणाला तो कोपरे कापत असणार. शिवाय त्यानं बॅटरी खाल्ली, खुलताबादला फोन बंद पडला. आशानं तेव्हाच दोनदा फोन केला होता म्हणे. आत येऊन जेवून जा म्हणून. मिरचीचा ठेचा आणि भाकरी होती. मला घरी येऊन चार्जर लावल्यावर कळलं.

नकाशा फोनमधून काढून टाकला. अशा यंत्रावर विसंबून लोक लग्नाला वेळेवर पोचतात याचं आश्चर्य वाटतं.

मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, पप्पा, तुम्ही मम्मीकडे जाऊन बसा ना नुसतं. ती इंजिनिअर आहे, पण मोजमापाची शिस्त तिच्यात उतरली नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

सायकल. सगळ्यात भरवशाची पद्धत. मीटर नाही, बॅटरी नाही. चाकाचा घेर टेपनं मोजायचा आणि फेरे मोजायचे. पुढच्या चाकाच्या आरीला आशाच्या कपाटातली लाल रिबन बांधली. रिबन वर आली की एक फेरा. शंभर फेरे झाले की खिशातला एक शेंगदाणा डाव्या खिशातून उजव्या खिशात.

पडेगावला एका माणसानं थांबवून विचारलं, वेरूळ किती लांब आहे? मी त्याला सविस्तर सांगू लागलो. तो निघून गेला. फेरे विसरलो. पुन्हा मागं जाऊन सुरुवात. मिटमिट्याला भूक लागली आणि लक्षात आलं की मी उजव्या खिशातले शेंगदाणे खातोय.

दौलताबादच्या कमानीजवळ पाय उचलेना. किल्ल्याकडे पाहत रसाच्या गाड्यावर अर्धा तास बसलो. सायकल टेम्पोत टाकून परत आलो. टेम्पोवाला म्हणाला, काका, या वयात कशाला? मी म्हणालो, सरकारी काम आहे.

निष्कर्ष: सायकल डुलते. सरळ माणूससुद्धा सायकलवर सरळ जात नाही. जेवढा दमेल तेवढा जास्त डुलतो. म्हणजे दमलेल्या माणसासाठी रस्ता खरोखरच लांब असतो. हे कोणत्याही दाखल्यात येत नाही. रिबन हरवली.

९ फेब्रुवारी

पाय दुखतात. मोजणी नाही. पलंगाच्या आशाच्या बाजूला हल्ली मी नकाशे ठेवतो, म्हणजे ती बाजू रिकामी दिसत नाही. डब्यात आज पुन्हा वांगं होतं. मेसवाल्या द्वारकाबाई म्हणाल्या, सर, मॅडम येणार का न्हाय? दोन डबे लावू का एकच? मी म्हणालो, मार्चअखेर दोन. त्या म्हणाल्या, मागच्या मार्चलाबी हेच बोलला होता तुम्ही. तिखट जास्त होतं, म्हणून चिडलो.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

आजचा दिवस सोन्याचा! घृष्णेश्वराला गर्दी म्हणून पोलिसांनी दौलताबादचा रस्ता बंद केला. सगळी वाहनं कसाबखेड्यावरून. लोक हॉर्न वाजवत होते, पोलिसांशी भांडत होते, बायका पोरांना वारा घालत होत्या. त्या सगळ्या रांगेत आनंदी मी एकटाच. वेरूळला पोचलो तेव्हा मीटरवर ३७ च्या वर. गुळगुळीत टायरचे वजा केले, माझ्या वजनाचे वजा केले, तरी पस्तीस कुठे गेले नाहीत.

शाळेच्या गेटपर्यंत गाडी जाऊ देईनात. बांबूच्या अडथळ्याशी थांबलो. पलीकडे शाळेतल्या बाईंनी पाण्याचा स्टॉल लावला होता. आशा पिंपातून पाणी काढून ग्लास भरत होती. पदर खोचलेला, घामानं कुंकू पसरलेलं. एका म्हाताऱ्याला पाणी देताना काहीतरी बोलली आणि दोघं हसले. ती इतकी मोकळी हसते हे मी विसरलो होतो. घरी संध्याकाळी पर्स टाकणारी बाई ही नव्हेच.

मी हेल्मेट घातलं होतं, म्हणून तिला कळलं नसावं. काढलं असतं तर गर्दीत कोणी चोरलं असतं. मागच्या गाड्या ओरडायला लागल्या, पोलीस म्हणाला, ओ हेल्मेट, पुढं घ्या नाय तर माघारी घ्या. माघारी घेतली. खूप तहान लागली होती.

३ मार्च

खात्याचे साहेब म्हणाले, शिवरात्रीचा रस्ता वर्षातून एकदाच असतो, गुरुजी. रोजचा रस्ता सांगा. मी चौदा कारणांची यादी काढली. चौथ्या कारणाला साहेबांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, ठीक आहे, आमचा माणूस जीप घेऊन तुमच्या मागे येईल. गेट ते गेट. जे निघेल ते लिहून देतो, पण पुन्हा येऊ नका.

९ मार्च, रविवार

जीप मागे, मी पुढे. वेरूळात आता एकेरी वाहतूक आहे. जाताना बाजाराला वळसा पडतो, येताना नाही. त्यामुळे जाताना ३०.२ आणि येताना २९.६.

म्हणजे माझ्यापासून आशा तीसच्या पुढे आहे, आणि आशापासून मी तीसच्या आत. एकाच रस्त्याची दोन टोकं आणि अंतरं दोन. जीपमधल्या माणसानं विचारलं, कोणतं लिहू? मी म्हणालो, जातानाचं. येतानाचं मोजायला तिकडून कोणी निघालेलं नाही.

१२ मार्च

दाखला मिळाला!! तीस पॉइंट दोन. गोल शिक्का, निळी सही. फारूखला दाखवला. तो म्हणाला, मुबारक हो सर, पर भाभीला विचारलं का? मी म्हणालो, नियमात बसतं. तो म्हणाला, हां, नियम मे तो बैठता.

द्वारकाबाईंना दोन डबे सांगितले. एप्रिलपासून. कपाट आवरलं. पलंगावरचे नकाशे काढले, तिची गादी उन्हात टाकली.

१६ मार्च, रविवार, रात्री

आज पहिल्यांदा गेटला हात न लावता पुढे गेलो. सरूबाई दारातच होत्या. म्हणाल्या, अगंबाई, आज तुम्ही आत येणार व्हय? मग ओरडल्या, बाई, देव पावला!

आशाची खोली लहान आहे. खिडकीतून डोंगर दिसतो. भिंतीवर मुलांनी काढलेली चित्रं. तिनं थालीपीठ केलं, लोण्याचा गोळा ठेवला. मी खाण्याआधी दाखला तिच्यापुढे ठेवला. तिनं चष्मा लावून वाचला. तीस पॉइंट दोन, असं हळूच म्हणाली.

मी म्हणालो, फक्त अर्जावर सही कर, मार्चअखेर घरी. तिनं दाखल्याची घडी घातली. म्हणाली, मी रोज यायची तेव्हा काय म्हणायची, आठवतं का? मी म्हणालो, व्यवस्थित आठवतं, तू तीस म्हणायचीस आणि मी एकोणतीस पॉइंट तीन सांगायचो.

ती म्हणाली, अहो, मी आकडा सांगतच नव्हते. मी दमले, असं सांगत होते. अकरा वर्षं. तुम्ही एकदाही बस म्हणाला नाहीत, चहा टाकतो म्हणाला नाहीत. सातशे मीटर तेवढे कापून घेतलेत. आता तेच सातशे मीटर परत जोडून आणलेत.

मी म्हणालो, तेव्हाचा आकडा खात्याचा होता. ती हसली. शिवरात्रीला हसली होती तसं नाही. म्हणाली, मी सही करत नाही. इथं मला बरं वाटतं, संध्याकाळ उरते. तुम्ही या. पुढच्या रविवारी जेवायलाच या. दाखला नको, टायर नको, काही मोजू नका. नुसते या. शिवरात्रीलासुद्धा हेल्मेट काढून पाणी प्यायला असतात तर चाललं असतं.

तिनं ओळखलं होतं तर.

थालीपीठ फार चांगलं झालं होतं. घाटात उतरताना डोळ्यांत वारा जात होता, हेल्मेटची काच खाली घ्यायची राहिली. तिचा मुद्दा मोजमापाचा नव्हता.

१९ मार्च

बुधवार. आशाचा फोन आला, पण तब्येतीचं बोलली. मीही तब्येतीचंच बोललो. घर फार मोठं आहे. मला ती हवी आहे. हे तिला सांगायचं होतं, पण वाक्य नीट जुळेना आणि तोवर तिनं फोन ठेवला.

द्वारकाबाईंना पुन्हा एकच डबा सांगितला. त्या लगेच बरं म्हणाल्या. हे जास्त लागलं.

२२ मार्च

फेरविचार केला. ३०.२ हा आकडा मुळात फुगवलेला आहे. जीपचे झिजलेले टायर, आतल्या माणसाचं वजन, बाजाराचा वळसा. फोनमधला नकाशाच बरोबर होता, उगाच काढून टाकला. २८.९. शिवाय दरीतून सरळ धरलं तर त्याहूनही कमी. अठ्ठावीस म्हणजे काय लांब आहे? लोक भाजी आणायला जातात. एवढ्याशा अंतरासाठी बदली मागणं हास्यास्पद आहे. शासनाचं म्हणणं खरं, आम्ही एकत्रच राहतो.

संकल्प: उद्या जेवायला जायचं. काही मोजायचं नाही. कडक इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला आहे. नवीन लाल रिबनही आणली आहे, हरवली ती तिचीच होती.

२३ मार्च, रविवार

सकाळी लवकर निघालो. मोजत नव्हतो, मीटरवर नजर गेली एवढंच. पडेगाव ओलांडलं तरी आकडा हलेना. मीटरची केबल तुटलेली. गाडी पुढे जातेय आणि आकडा जागच्या जागी. असं कधी झालं नव्हतं. आपण किती आलो आणि किती उरलं हेच कळेना.

मागे फिरून फारूखकडे आलो. तो म्हणाला, केबल उद्या मिलेगी सर. मी म्हणालो, मग आज कसं जायचं? त्यानं माझ्याकडे, इस्त्रीच्या शर्टाकडे आणि खिशातून लोंबणाऱ्या रिबनकडे पाहिलं. म्हणाला, मीटर बंद है, गाडी थोडी बंद है. रोड तो वहीच है ना सर. जाओ.

त्याला यातलं काही कळत नाही. घरी आलो. खिचडी टाकली. तांदूळ दोघांचे पडले.

साडेबाराला आशाचा फोन. ताटं वाढून बसलेय, कुठपर्यंत आलात, विचारत होती.

मीटर बंद आहे, नेमकं सांगता येत नाही, म्हणालो.